गाण्याची चाळणी

"तोंडानं बोललीस की भांडण हुतंय, शालन. गाण्यात घाल. गाण्याला कुणी उलटून बोलत न्हाई."

गोदाकाकी जाऊन जमाना झाला, तरी तिचा हा आवाज शालनच्या कानात तसाच राहिला होता. वरून खरबरीत, आत कुठंतरी गोड. तासगावच्या अंगाला बेदाण्याच्या शेडमध्ये काकी निवडणाऱ्या बायांच्या रांगेत पहिली बसायची. पुढ्यात ढीग, ढिगात बोटं. काडी इकडं, काळा मणी तिकडं, सोनेरी तेवढा पाटीत. आणि ओठांवर ओवी. सासू जाच करते, ओवी. भाऊ माहेरची वाट विसरला, ओवी. त्या रांगेत कुणी कुणाला सरळ विचारायचं नाही, सरळ सांगायचंही नाही. खुपलं ते गाण्यात घालायचं, पुढचीनं आपल्या ओवीतून उत्तर द्यायचं, आणि बोटं थांबू द्यायची नाहीत. शालन झांबरे एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन त्या रांगेत बसली आणि सहा महिन्यांत शिकली. सरळ बोलणं तेवढं शिकायचं राहिलं.

पुढं निवडायची यंत्रं आली. उजेडाच्या झोताखालून मणी धो धो वाहायचे, आणि काळा मणी दिसला की हवेची फुंकर त्याला अचूक बाजूला उडवायची. रांग उठली. बाया पांगल्या. यंत्रावर नजर ठेवायला एकीची गरज होती, तेवढी शालन राहिली. आता ओवी ऐकायला कुणी नव्हतं, म्हणून ती ओठांवरून घशात उतरली आणि घशातून आणखी खाली. दिवसभर यंत्राची घरघर आणि आत, कुणालाही न कळणारी, शालनची ओवी. छप्पन्नाव्या वर्षी तिच्या आयुष्यात एवढ्या दोनच गोष्टींचा आवाज होता. तिसरा आवाज रविवारी संध्याकाळी यायचा, पुण्याहून, लेकीचा.

लेक प्रणोती. घरात पनू.

पनूनंच दोन वर्षांपूर्वी आईच्या गळ्यात ती पट्टी बांधली होती. मंगळसूत्राची वाटी पूर्वी जिथं टेकायची त्याच्या चार बोटं वर, कातडीच्या रंगाची, पानाच्या देठाएवढी रुंद. तिला म्हणायचे मागोवा.

मागोव्यामागचं शास्त्र तसं समजायला अवघड नव्हतं. माणूस मनातल्या मनात बोलतो तेव्हाही मेंदू गळ्याच्या स्नायूंना निरोप धाडतच असतो. आवाज फुटत नाही, ओठ हलत नाहीत, पण स्नायूंमध्ये विजेची एक झुळूक उठते. पट्टी ती झुळूक टिपायची. सुरुवातीचे काही आठवडे माणसाचं उघड बोलणं आणि त्या वेळची झुळूक यांची जोडी लावून ती शिकायची, आणि मग न बोललेले शब्दही ओळखू लागायची. वर्षभर ती गोळा करत राहायची आणि पाडव्याच्या सकाळी एक पान द्यायची. या वर्षी तू काय बोललास, कोणाशी बोलता बोलता काय गिळलंस, आणि हे पाहता येत्या वर्षात तू कोणत्या तीन गोष्टी कराव्यास. पूर्वी लोक वहीत संकल्प लिहायचे आणि स्वतःलाच फसवायचे. मागोव्याला फसवता येत नव्हतं. पानावर भरवसा ठेवून लोक नोकऱ्या सोडू लागले, सोयरिकी जुळवू लागले, मोडूही लागले. कडुलिंबाचा पाला चावून झाला की घरोघर पानं वाचायची नवी रीत पडली. दोघांची संमती असेल तर एकमेकांबद्दलचा भागही उघडायचा. त्याला म्हणायचे नात्याचं पान.

त्या पाडव्याला शालननं गुढी उभारली, साखरेच्या माळेची एक गाठी तोडून तोंडात टाकली आणि भिंतीवरच्या पडद्यासमोर बसली. पडद्यावर पनू. केस ओले, हातात चहा, चेहरा झोप न झाल्यासारखा.

"आई, तुझं पान आधी उघडू?"

"उघड की. माझ्यात काय असतंय?"

पनूनं वाचलं. "रोज दोन हजार पावलं चाला. आठवड्यातून एकदा शेजारच्या घरी जाऊन बसा. एखादा छंद लावून घ्या."

"छंद!" शालन हसली. "ह्या वयात आता गोट्या खेळू का काय?"

पनू हसली नाही. ती खालचं काहीतरी वाचत होती. नात्याचं पान. "आई," ती म्हणाली, "इथं लिहिलंय, प्रणोतीशी न बोललेलं, शून्य."

"म्हंजे?"

"म्हणजे वर्षभरात मला सांगावंसं वाटलं आणि सांगितलं नाहीस असं तुझ्या मनात एकदाही आलं नाही. एकदाही. मागच्या वर्षी पण शून्यच होतं. मला वाटलं, पट्टी नवीन आहे, शिकतेय अजून."

"मी तर सगळंच बोलते की तुझ्यासंगं," शालन म्हणाली.

"हो. बेदाण्याचा रंग कसा आलाय, टाकीला पाणी आलं का, वासंती मावशीचा गुडघा." पनूनं चहाचा कप खाली ठेवला. "आता माझं वाच."

पडद्यावर पनूचं पान आलं. शालन अक्षर लावून लावून वाचणारी, तिला वेळ लागला. आईशी न बोललेलं, अकराशे चाळीस. आणि त्याखाली सगळ्यांत जास्त वेळा गिळलेलं वाक्य. ते एकच होतं.

'आई, तू मला भेटायला कधीच का आली नाहीस?'

शेडच्या दिशेनं वाऱ्याची झुळूक आली आणि गुढीची साडी फडफडली.

नवरा विलास गेला तेव्हा पनू सात वर्षांची होती. शालनचं काम हंगामाप्रमाणे एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये, मुक्कामासकट. आठव्या वर्षी तिनं पनूला मिरजेच्या मुलींच्या वसतिगृहात घातलं. पोर हुशार होती, शिकली, भूगर्भाचं शास्त्र शिकून बर्फाच्या थरांचं वय सांगणाऱ्या संस्थेत लागली. मोठ्या सुट्टीत शेडवर यायची. पण आठ वर्षांत वसतिगृहाच्या भेटीच्या वहीत तिच्या नावापुढं आईची एकही सही नव्हती.

"पनू," शालननं सुरुवात केली आणि नेहमीसारखी ती भलतीकडं वळली. "तुला पोळ्या पाठवू का पुरणाच्या?"

पनूनं डोळे मिटले, उघडले. "नको आई. माझं तिसरं ध्येय वाचलंस?"

पानाच्या तळाशी होतं, 'जिथून प्रतिसाद नाही तिथं वाट पाहणं थांबवा.'

"दक्षिण ध्रुवावरच्या ठाण्यात जागा आहे," पनू म्हणाली. "अडीच वर्षं. महिन्यातून एकदा दहा मिनिटं बोलता येतं. दोन महिने झाले, मी हो म्हणत नव्हते. मला वाटायचं, आई एकटी आहे, मी गेले तर… पण तुझं काही अडत नाही माझ्यावाचून. हे मी रागानं नाही म्हणत गं. आज दुपारी चारपर्यंत कळवायचंय. कळवून टाकते."

"जा की मग," शालन म्हणाली. असंच म्हणायचं असतं म्हणून म्हणाली. "थंडीचं कापड चांगलं घे."

पडदा विझला. शालन बसल्या जागी बसून राहिली, आणि आत, सवयीनं, ओवी उठली.

*पल्याड माझी मैना, अल्याड माझा पाय*
*मधल्या रस्त्याला गं नदीवाणी पूर काय*

ओवी संपली आणि शालन ताडकन उभी राहिली. आपल्याच आत कुणीतरी बोलताना तिनं पहिल्यांदाच पकडलं होतं. ही ओवी कुणाची? पनूची. कालची? पनूची. मग शून्य कसं?

*

बाजारपेठेतल्या मागोवा केंद्रात पाडव्याला लग्नघराएवढी गर्दी. काचेच्या पलीकडं इब्राहिम मुजावर बसायचा, चाळिशीचा, शांत. पट्ट्या दुरुस्त करायचा आणि माणसांची तोंडंही सांभाळायचा. शालनच्या पुढं एक म्हातारा टोपी आपटत होता.

"बायकूला न बोललेलं साडेचारशे! आरं, त्यातलं निम्मं शिव्या हैत. ती म्हणती, वाचून दाखवा. आता मी घरला कसं जाऊ?"

"आण्णा, निम्मं शिव्या हैत, तर निम्मं दुसरं बी असंल की," इब्राहिम म्हणाला. "ते आधी वाचा."

म्हातारा पानाकडं बघत पुटपुटत बाजूला झाला. शालननं आपलं पान काचेखालून सरकवलं.

"शालनआक्का, काय झालं?"

"ही पट्टी लबाड हाय."

इब्राहिमनं तिच्या गळ्याची पट्टी काढून यंत्रावर ठेवली, आकडे पाहिले. "पट्टी चांगली हाय वो. वर्षभर एक दिवस चुकली न्हाई."

"मग माझ्या लेकीपुढं शून्य का आलंय? मी तिच्याबिगर दुसरं काय बोलते मनात? सकाळ न्हाई, सांज न्हाई, सारखं तिचंच चालू असतंय माझं."

"काय चालू असतंय? एखादं सांगा, म्हंजे मला शोधाया बरं."

शालन संकोचली. मागं माणसं उभी होती. मग काचेला तोंड लावून तिनं ते बोलून नाही, हलकेच गाऊन सांगितलं.

*लेकीच्या फोनवर बोलते दुधातुपाचं*
*सांगायचं राहिलं गं गुज माझ्या काळजाचं*

इब्राहिमचा हात थांबला. "आक्का," तो म्हणाला, "तुम्ही असं गाण्यातच बोलता मनात? सगळं?"

"मग कसं बोलत्यात?"

त्यानं मागच्यांना जरा थांबायला सांगितलं आणि शालनला आतल्या खोलीत नेलं. तिथं खुर्चीवर बसवून त्यानं समजावलं. मागोवा नवा होता तेव्हा मोठा घोटाळा व्हायचा. माणसाच्या डोक्यात दिवसभर काही ना काही वाजत असतं, सिनेमातलं गाणं, आरती, जाहिरात. एका न्हाव्याच्या पानावर वर्षभराचं मनोगत म्हणून मंगल कार्यालयाची जाहिरात नऊ हजार वेळा आली होती. मग बनवणाऱ्यांनी आत एक चाळणी बसवली. जे लयीत आलं, यमक घेऊन आलं, पुन्हा पुन्हा त्याच चालीवर आलं, ते माणसाचं बोलणं नव्हे, डोक्यात अडकलेलं गाणं, असं धरून खाली सोडून द्यायचं. शहरातल्या माणसांना ती चाळणी अगदी बरोबर बसली.

"पर तुमचं सगळंच लयीत हाय," इब्राहिम म्हणाला. "त्यामुळं तुमचं सगळंच गळून गेलं. वर काय राहिलं, तर टाकीचं पाणी आन् बेदाण्याचा रंग."

शालन पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. आयुष्यभर मणी निवडले. काळा कुठला, सोनेरी कुठला, बोटांनी कधी चूक केली नाही. आणि आपल्याला निवडायला बसलेल्या यंत्रानं सगळा माल काडीकचऱ्यात लोटला होता.

"गळालेलं परत मिळंल?"

"साल सरलं की आज सांजच्याला मूळ टिपण पुसलं जातं. अजून हाय. मी चाळणी काढून चालवतो. तुमचंच हाय ते, तुम्हाला मिळायला कुणाची ना न्हाई."

यंत्र चालू झालं. कागद निघायला लागला आणि निघतच राहिला, टेबलावरून खाली, खालून खुर्चीच्या पायापर्यंत. इब्राहिमनं आकडा पाहिला. "दोन हजार तीनशे सहा," तो म्हणाला. "सगळ्या पनूच्या नावानं." त्यानं सहज पहिली उचलली आणि मोठ्यानं वाचली.

*पडली माझी बाळ, धूळ गं हाताला*
*उभी मी थिजून बाई, विचारू कुणाला*

"ही लई वेळा आलीया," तो म्हणाला आणि त्यानं तिच्याकडं पाहिलं. कागद त्यानं उलटा करून तिच्या हातात दिला. "मी पुढचं वाचत न्हाई, आक्का."

पण शालनला आता कुणालातरी सांगायचं होतं, आणि समोर हाच होता. ती कागदाकडं बघत, तुटक तुटक, जणू दुसऱ्याच बाईची गोष्ट असावी तशी बोलत गेली.

"वसतिगृहाच्या बाई म्हणाल्या, पहिलं सा महिनं येऊ नका. आई दिसली की पोर तीन दिवस जेवत न्हाई. बरोबर होतं त्यांचं. पर मला राहवंना. मी दर रविवारी एसटीनं जायची. फाटकासमोर रस्ता, रस्त्यापल्याड उसाच्या रसाचं गुऱ्हाळ. तिथं कोपऱ्यात बसायची. चार वाजता पोरी खेळायला अंगणात यायच्या. पाचला घंटा व्हायची. तासभर बघायची आन् परत." ती थांबली. "सा महिनं झालं. मग कशी जाऊ आत? पोर रुळली होती. हसायची. मला वाटलं, आता गेले तर मोडंल सगळं. असं करत करत आठ वर्षं."

"आन् पडली ती?"

शालननं मान हलवली. त्याच्यापुढं जायला ती तयार नव्हती. इब्राहिमनंही ओढलं नाही. त्यानं तिला पाणी दिलं.

"चाळणी काढल्यावर ध्येयंबी नवी आल्यात," थोड्या वेळानं तो म्हणाला. "आता एकच आलंय. 'येत्या वर्षात प्रणोतीला सांगा.' बटण दाबलं की ह्यो सगळा कागद पनूला जाईल. तुम्हाला काही बोलायला बी नको. दाबू?"

भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. पनू चारला कळवणार होती.

किती सोपं होतं. दोन हजार तीनशे सहा ओव्या पुण्याला जाऊन पडल्या असत्या. पनूनं वाचल्या असत्या, रडली असती, कदाचित थांबलीही असती. शालनचा हात बटणाकडं गेला. मग तिला पनूचा चेहरा दिसला, यंत्राकडून आईचं मन वाचत बसलेला. सकाळी वाचलं ते शून्य, आता वाचायचं ते दोन हजार. पण आई? आई पुन्हा रस्त्यापल्याडच. आणि त्या ओव्यांतही ती गोष्ट पुरती नव्हतीच. तिथंही ती 'उभी मी थिजून' म्हणाली होती, 'विचारू कुणाला' म्हणाली होती. गाण्यानं तिला चांगलं सांभाळून घेतलं होतं.

"नको दाबू," ती म्हणाली. "आन् ते 'येत्या वर्षात' पण पूस. वरीस लई लांब असतंय रं."

*

केंद्राच्या मागं पाण्याच्या टाकीपाशी एक दगडी कट्टा होता. तिथं कुणी नव्हतं. कट्ट्यावर बसून शालननं फोन लावला.

"आई? बोल पटकन, अर्ज भरतेय. काय झालं?"

"काही न्हाई. जेवलीस का?"

"जेवले."

"काय केलं होतंस?"

"श्रीखंड आणलं होतं. आई, खरंच घाई आहे गं."

"बेदाणा यंदा…" शालनच्या तोंडात शब्द आपोआप आले, पोळ्या, बेदाणा, टाकी, सगळे ओळीनं उभे. आणि त्यांच्या मागं, त्यांना ढकलत, ओवी. चाल सापडली होती, यमकही जवळ आलं होतं. शालननं दात आवळले. ओवी आतल्या आत दाबून धरली.

"आई? आहेस ना?"

"हाय. पनू, ठेवू नको. मला सरळ बोलता येत न्हाई, तुला ठाव हाय. थोडं थांब."

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. "थांबलेय," पनू म्हणाली.

"तू जा. जाऊ नको म्हणाया मी फोन केला न्हाई. तुला जायचं तर खुशाल जा, बर्फ बघ. फकस्त मी आले न्हाई असं समजून जाऊ नको. मी यायची. आठ वर्षं, दर रविवारी. फाटकासमोर गुऱ्हाळ होतं, त्यात बसायची. तुझ्या निळ्या रिबिनी मला ठाव हैत. तू लंगडी खेळताना डावा पाय धरायचीस."



"मग आत का नाही आलीस?" पनूचा आवाज आला. लहान, आठ वर्षांचा.

"आधी बाईंनी सांगितलं म्हणून. मग तू हसायला लागलीस म्हणून. आन् मग…" शालन थांबली. इथपर्यंत सगळं चांगल्या आईचं होतं. इथं फोन ठेवला असता तर पनूनं तिला जवळ घेतलं असतं. पुढचं सांगितलं तर काय होईल, हे कुठल्याही पानावर लिहिलेलं नव्हतं.

"आई, मग काय?"

"तू पाचवीत होतीस. अंगणात पडलीस, मनगट मोडलं. वॉचमननं उचललं तुला."

"हो," पनू म्हणाली. "मी किती वेळ आई आई करत होते. सगळ्या मुली हसत होत्या, की हिची आई कुठाय."

शालन कट्ट्यावरून उठून उभी राहिली. हे बसून सांगायचं नव्हतं.

"मी तिथंच होते, पनू. रसाचा पेला हातात होता. तू पडलेली दिसलीस, तू आई म्हणालीस ते ऐकू आलं. रस्त्यावर गाडी नव्हती, काही नव्हतं. मला भ्या वाटलं, की आता आत गेले तर तू विचारशील, एवढं दिवस कुठं होतीस. एवढ्याच भ्यानं मी जागची हलले न्हाई. त्येंनी तुला रिक्षात घालून नेलं आन् मी एसटी धरून घरला आले. तू मला हाक मारत होतीस, आन् मी रस्ता ओलांडला न्हाई."